गुऱ्हाळाचा धूर आणि माझा घसा

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचा हिवाळा होता. राहुरीजवळच्या आमच्या गावी मला साधी सर्दी झाली आणि पाठोपाठ घसा असा धरला, की आवंढा गिळणेही नकोसे झाले. एरवी मी ते सोसले असते. परंतु दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत आमच्या बुजवलेल्या चारीची सुनावणी होती. चारी मोकळी झाली नसती, तर कालव्याचे पाणी आमच्या गव्हापर्यंत पोचले नसते. आणि बाजू मी स्वतः मांडणार होतो.

दोषी कोण, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. शेजाऱ्याच्या गुऱ्हाळाचा धूर थेट आमच्या पडवीत येई. मी संतापाने ग्रामपंचायतीकडे तक्रार लिहून काढली आणि तिला जोडण्यासाठी दाखला मागायला डॉक्टरांकडे गेलो.

"घसा सर्दीनेच आतून सुजलाय," डॉक्टर म्हणाले. "रात्री नाक चोंदलं की तोंडाने श्वास घेता, मग घसा कोरडा पडतो. नाकातलं पाणी मागच्या मागे घशात उतरतं, त्यानेही खवखवतं. आणि मघापासून दर वाक्याआधी खाकरताय, ते आधी थांबवा."

"आणि धूर?"

"धूर वाईटच. खोलीत तुम्ही काही पेटवता का?"

"शेगडीवर ओव्याची धुरी. दारे लावून."

"मग तक्रारीत स्वतःचंही नाव घाला!"

दाखला मिळाला नाही. घरी हिने तक्रार वाचली आणि विचारले, "अहो, उद्या तुमच्या बाजूने साक्ष कोण देणार आहे?"

साक्षीदार तोच गुऱ्हाळवाला होता. मी कागद खिशात ठेवला. तक्रार मागे घेतली नाही, तहकूब केली.

सुनावणीत मी उभा राहिलो, तर आवाजच फुटेना. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. तेवढ्यात शेजारी उठला.

"सायेब, अण्णांचा घसा बसलाय. पन ते काय बोलनार ते समदं मला पाठ हाय. बांधावर रोज तेच ऐकतोय."

साहेबही हसले. मग चारी कुठून वाहत होती, कोणी बुजवली, हे त्याने सांगितले. चारी मोकळी करण्याचा हुकूम त्याच दुपारी झाला.

परतताना एस.टी.त त्याने मला गुळाचा खडा दिला. तो चघळत मी कुजबुजलो, की कायद्याचे कलम त्याने सांगितलेच नाही.

"बोलू नगा, अण्णा. आनखी बसंल."

घरी येताच मी खिशातला कागद बंबात घातला. शेगडी त्या रात्री अंगणातच राहिली.