चुनेवाल्याची टकटक

चुन्याची भट्टी लावणाऱ्या माणसाला लोक काय म्हणून चिडवत असतील, हे वेगळं सांगायला नको. "आला बघा चुना लावायला!" गल्लीच्या तोंडाशीच हाक पडायची. डोक्यावरची पाटी सावरत चुनेवाला म्हणायचा, "मी भिंतींना लावतो. माणसांना लावायला तुम्ही आहातच की!"

या चुनेवाल्याची मुलगी आता एका प्रयोगशाळेत कामाला आहे, आणि तिथंही शिंपलेच भाजते. खाणावळींनी फेकलेले, पोत्यांतून आलेले. पोत्याचं तोंड सोडलं की तो खारट, कुबट वास नाकात जातो आणि तिला जुनं अंगण दिसायला लागतं. गोल भट्टी, कोळसा आणि शिंपले यांचे थरावर थर, नाकातोंडाला फडकं बांधून चुना चाळणारी आई. भाजलेल्या शिंपल्यांवर पाणी शिंपडलं की ते फुसफुसायचे, वाफा सोडायचे आणि आपोआप फुटून पांढरी पूड व्हायचे. आई म्हणायची, "अगदी तुझ्या बाबांसारखे. आधी फणफणायचं, मग मऊ व्हायचं." किती सुखाचे दिवस होते ते!

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली होती. बाबा चिमट्यानं एक शिंपला बाहेर काढायचे, निवला की कानाशी धरून बोटाच्या पेरानं टकटक करायचे. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. तिनं लावलेल्या भट्टीतला शिंपला दरवेळी बद्दच वाजायचा. "कच्चं आहे गं. परत घाल." एकदा तरी बाबांनी पक्कं म्हणावं म्हणून ती जीव तोडून भट्टी फुंकायची. तेवढ्यात बाजारात रंगाचे डबे आले आणि भट्टी विझली ती विझलीच.

पुढे प्रयोगशाळेतली पूड तिनं मोठ्या हौसेनं घरी दाखवायला आणली. बाबांनी बाटली उजेडात धरली.

"एवढीशी? यात कोनाडासुद्धा रंगायचा नाही."

"भिंतीसाठी नाही बाबा, हाडांसाठी आहे. शिंपले भाजून, त्यावर आणखी प्रक्रिया करून केलीय. एका केसाच्या जाडीत याचे हजारभर कण ओळीनं मावतील. हाडात पोकळी राहिली तर भरायची."

"मग कच्चं की पक्कं, कळतं कसं?"

"यंत्र सांगतं."

"यंत्राला कान असतात होय?" म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. तिला फार वाईट वाटलं.

आणि मग बाबाच मोरीत पाय घसरून पडले. नडगीचं हाड मोडलं, काही केल्या जुळेना, मधे पोकळी राहिली. डॉक्टर म्हणाले, पूड भरून बघू. वर्षानुवर्षांच्या चाचण्यांनंतर तिच्या प्रयोगशाळेतली पूड तोवर इस्पितळात पोचली होती. हे ऐकून बाबा पलंगावर पोट धरून हसले. "जन्मभर लोक म्हणत होते ते तू खरं केलंस! बापालाच चुना लावतेस!"

डॉक्टरही हसले. तिला मात्र हसू येईना. हाडानं धरलं नाही तर बाबा पुन्हा आपल्या पायांवर उभे राहणार नव्हते, आणि पूड तिच्याच हातची होती. पुढचे कित्येक महिने ती बाबांच्या प्लास्टरकडे बघत दिवस मोजत राहिली.

शेवटी प्लास्टर निघालं. डॉक्टर भिंतीवरच्या फोटोत जुळलेलं हाड दाखवत होते. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. पायजमा वर सरकवून ते वाकले आणि बोटाच्या पेरानं नडगीवर टकटक केलं. मान तिरपी केली. पुन्हा टकटक केलं. भट्टीपुढे उभी राहायची तशीच ती श्वास रोखून उभी होती.

"पक्कं आहे गं," बाबा म्हणाले. "परत घालायला नको."