सर्व्हरवरचं हळदीकुंकू

नव्वदीच्या अखेरीस मी डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. सगळ्या ऑर्डरी एका लिनक्स सर्व्हरवर होत्या आणि तो मीच बसवलेला. एरवी तो अखंड चालू असे. खंडेनवमीला पूजेसाठी मी तो रीतसर बंद केला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. पेढे वाटून झाल्यावर बटण दाबलं, तर पडद्यावर एल आणि आय ही दोन अक्षरं उमटली आणि गाडी तिथेच अडकली.

मालकांचा पुतण्या ठाण्याहून कसलासा कोर्स करून आलेला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काका, मॅडमनी कुंकू आत सांडलंय. डिस्क गेली, बघाच तुम्ही."

"सोमवारपासून तुम्ही आवक-जावक बघा," मालक मला म्हणाले. "मशीन हा सांभाळेल."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ती दोन अक्षरं म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या लिलो या प्रोग्रामचं अर्धं नाव. कोणीतरी आतल्या फाइली बदलल्या होत्या. पासवर्ड माझ्याशिवाय फक्त या पुतण्यालाच ठाऊक होता. तरी मनात म्हटलं, कर बाबा, काय करायचं ते. त्याने मशीनचा डबा उघडला, ब्रशने कुंकू शोधलं, घामाघूम झाला. मला बघायला फार बरं वाटत होतं.

"नवीन डिस्कच लागेल," असं तो म्हणाला, तेव्हा मी उठून अडीअडचणीला मशीन सुरू करायची माझी फ्लॉपी घातली. मशीन चालू झालं. पडद्यावरच्या तारखा मी मालकांना दाखवल्या. आदल्या आठवड्यात, मी रजेवर असताना, याने नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकला होता आणि नंतर बदलाची नोंद व्हावी म्हणून लिलोची आज्ञा चालवायची असते, ते विसरला होता. मधे मशीन बंदच झालं नाही, म्हणून पाप झाकलेलं राहिलं. मी ती एक आज्ञा दिली आणि सर्व्हर फ्लॉपीशिवाय उभा राहिला.

मालक हसले. "जाऊ द्या हो, घरचंच पोर आहे. तुमचं काम तुमच्याकडेच."

काम राहिलं, पण माफी कोणी मागितली नाही. ते मी विसरणार नव्हते.

धसका घेऊन मालकांनी मशीन रोज संध्याकाळी बंद करायला लावलं. मी लिलोत एक ओळ घातली, रोज सकाळी सुरू होताना सगळ्यांना दिसेल अशी, इंग्रजी अक्षरांत: 'कुंकवाने मशीन मरत नाही, माणसाने मरतं.' पुतण्याने सेटिंगमधून ती दोनदा पुसली. ओळ जागची हलली नाही, कारण पुसल्यावरही लिलो चालवावं लागतं. ओळ जात का नाही, हे तो विचारायला आला, तेव्हा मी आधी सगळ्यांसमोर माफी मागायला सांगितली. तो तसाच परत गेला. मी नोकरी सोडली तेव्हाही ती ओळ तिथेच होती.