शिट्टी होईपर्यंतचा खेळ

दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताईंनी उभ्या आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नव्हता, आणि तरीही त्या विषयात त्यांच्याशी वाद घालायची कोणाची छाती होत नसे. गेमची सुरुवात कशी आहे हे विचारायचं असेल तर ताईंना विचारा. शेवट दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

झालं होतं असं. मुलगी शिकायला परगावी गेली आणि हातात धरून खेळायचा आपला कन्सोल घरी टाकून गेली. ताईंनी तो एक दिवस पर्समध्ये घालून दवाखान्यात आणला. बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं त्या रोज बघत होत्या. कोणी मासिक उलटं धरून वाचतंय, कोणी मोबाइलवरून नेमका त्याच मावशीला फोन लावतंय जिची दाढ काढताना म्हणे अर्धा तास लागला होता. मावशीही काही हातचं राखून सांगत नसे. फोन ठेवेपर्यंत माणूस पांढराफटक. कन्सोलचं तसं नाही. त्याला दोन्ही हात लागतात. दोन्ही हात गुंतले की खुर्चीचे दांडे आवळता येत नाहीत, गाल चाचपता येत नाही, आणि जबडा आपोआप सैल सुटतो. हा शोध ताईंचा स्वतःचा होता आणि तो सांगताना त्यांची मान जरा जास्तच ताठ व्हायची. का होऊ नये? त्यांनीच लावला होता.

"मोठ्या कंपन्यांचे धडाधड गेम नको घेऊस, आई," मुलीने फोनवर सांगितलं होतं. "एकट्यादुकट्या माणसाने घरी बसून केलेले छोटे गेम असतात. इंडी म्हणतात त्यांना. मी इथून घेऊन देते, तुझ्याकडे आपोआप उतरतील."

ते उतरायला लागले आणि ताईंची परीक्षा सुरू झाली. आतल्या खोलीत डॉक्टरांची हत्यारं वाफवून घ्यायचं एक यंत्र होतं. ते लावलं की शिट्टी होईपर्यंत ताई मोकळ्या. तेवढ्यात नवा गेम खेळून बघायचा. शिट्टी झाली की कन्सोल बाजूला, हत्यारं बाहेर, आणि निकाल जाहीर.

"कसा वाटला?" मुलगी संध्याकाळी विचारायची.

"गोगलगायीचा ना? फार गोड आहे. पाठीवर कंदील घेऊन भिंतीवरून चालते बिचारी, आणि पडली तरी मरत नाही, नुसती उलटी होते. चक्कर येणाऱ्यांना देईन."

"आणि तो गुहेतला?"

"तो काढून टाक. पहिल्याच पावलाला मरतो माणूस. अगं, आमच्याकडे येणारा आधीच मेलेला असतो."

"अगं आई, पण पुढे तो इतका सुंदर होतो!"

"पुढे माझा पेशंट आत गेलेला असतो."

असे करत करत ताईंनी कन्सोलवर एक फौजच उभी केली. सारखं बोलणाऱ्यांना कपाटात कपबशा रचायचा गेम. ओठ कोरडे पडून गप्प बसलेल्यांना चिखलाने माखलेला ट्रक पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा गेम. आपल्याला काहीच होत नाही असं दाखवणाऱ्या धिप्पाड गड्यांना गोगलगाय, कारण हटकून तेच कोसळतात.

आणि गेम पास झाला की नाही याची ताईंची खूण एकच होती. आतून डॉक्टर "पुढचे कोण?" असं ओरडायचे आणि बाहेरचा माणूस मान वर न करता म्हणायचा, "एक मिनिट थांबा." दाढ काढायला आलेला माणूस डॉक्टरांना थांबा म्हणतो! डॉक्टर करवादायचे, "ताई, हा दवाखाना आहे की जत्रा?" ताई वरवर ओशाळल्यासारखं करायच्या, पण आत त्यांचा आनंद मावत नसे. पगार महिन्याला मिळायचा. हे 'थांबा' रोज मिळायचं.

आता यातली गंमत अशी, की या ताईंची स्वतःची एक दाढ कधीपासून ठणकत होती. त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. उजवीकडून चावणं सोडलं, गार पाणी सोडलं, हसताना तोंडावर हात धरायला लागल्या. कारण काय, तर आतल्या त्या दात काढायच्या खुर्चीचं भय. होय, ज्यांनी अख्ख्या गावाला धीर दिला त्यांनाच. लहानपणी एका डॉक्टरने चारचौघांसमोर दटावून त्यांचा दात काढला होता आणि त्या दिवसापासून असल्या खुर्चीचा नुसता आवाज आला तरी त्या दोन पावलं मागे सरायच्या. रोज त्या खुर्चीचं आवरण बदलायचं, पण कधी टेकायचं नाही. आणि हे बाहेर फुटलं तर? उद्या एखाद्या थरथरणाऱ्या माणसाच्या हातात कन्सोल कोणत्या तोंडाने द्यायचा?

पण दातांच्या डॉक्टरांपासून दात लपवायचा म्हणजे कमालच. एका दुपारी डॉक्टर काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

"ताई, तोंड उघडा."

"कशाला हो?"

"गाल बघितलात का आरशात? उघडा."

उघडावं लागलं. डॉक्टरांनी आत पाहिलं आणि ते एकदम हळू बोलायला लागले, तेव्हाच ताई काय ते समजल्या. "ही ठेवून चालणार नाही. शेवटचा पेशंट गेला की तुम्ही."

"आज नको. आज मला लवकर जायचंय."

"कुठे?"

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला फार भीती वाटते हो."

डॉक्टर हसले नाहीत. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी ताईंना काउंटरच्या अलीकडे, पेशंट वाट बघत बसतात त्या बाहेरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः कन्सोल घेऊन शेजारी बसले. आजवर त्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक गेम दाखवू लागले.

"ह्या कपबशा घ्या."

"तो बडबड्यांसाठी आहे. आणि पाठ आहे मला."

"मग ट्रक?"

"पाठ आहे."

"ही गोगलगाय तरी?"

"तिची तर उजळणी झालीय." दुसऱ्यांसाठी चाळून चाळून त्यांनी सगळ्या सुरुवाती वापरून टाकल्या होत्या. आपल्यासाठी एकही ठेवली नव्हती.

"आणि हा तळाशी कोण पडलाय? झाडूवाला?"

"तो नापास. एक म्हातारी अंगणातला पाचोळा झाडते, बस्स. घरी काय कमी झाडतो आपण? शिट्टीसुद्धा होऊ दिली नाही मी, बंदच केला."

"म्हणजे हा बघितलेला नाही. घ्या," असं म्हणून डॉक्टर हत्यारं मांडायला आत गेले.

ताईंनी नाइलाजाने झाडायला सुरुवात केली. खर्र, खर्र. आतून ट्रेमध्ये काहीतरी खणकलं आणि त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. खर्र. पाचोळा सरला तिथे निळी फरशी दिसली. शेजारी हिरवी. ताईंनी कोपरा धरून नीट झाडायला घेतलं, जसा त्या घरी धरतात. फरशीवर काहीतरी काढलेलं होतं. पंख होता का तो? पंखच. मग मान, मग चोच, मग एक टपोरा डोळा. वरून पानं पडतच होती. ताई त्या झाडावर चिडल्या. म्हातारी मात्र चिडत नव्हती, ती आपली झाडत होती. ताईही झाडत राहिल्या. ट्रे पुन्हा वाजला असेल, नसेल.

"या, ताई," डॉक्टरांनी हाक मारली.

"एक मिनिट थांबा हो! शेपटी राहिलीये."

बोलून गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्यांनी मान वर केली. डॉक्टर दारात उभे होते, हातमोजे चढवलेले. ज्यांनी कधी कोणाला अर्धं मिनिट दिलं नाही, ते डॉक्टर चौकटीला खांदा टेकून म्हणाले, "होऊ द्या."

ताईंनी शेपटी झाडली, टोकापर्यंत. तुऱ्यावर एक पान येऊन पडलं होतं, तेही काढलं. मग उठून कन्सोल काउंटरवर ठेवला. "हा उद्यापासून सगळ्यांत वर," त्या म्हणाल्या, "नापास मी झाले होते, तो नाही." आणि मान तशीच ताठ ठेवून आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.