नव्या पिढीचा गार लॅपटॉप

मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढे आमचं गाव. तिथे घरी बसून मी मुंबईच्या एका कंपनीसाठी विम्याचे दावे तपासते. पूर्वीच्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि आईच्या लेखी मी काम करते याचा तोच पुरावा होता. घरघर चालू असली की ती माणसं दारातूनच परत पाठवायची, "पोरगी कामावर हाय." थांबली की चहा आणायची.

यंदा कंपनीने सगळ्यांना नवे लॅपटॉप दिले. आत नव्या पिढीचा प्रोसेसर. तो काम जास्त करतो, वीज कमी खातो आणि तापत नाही, म्हणून याला पंखाच नाही, असं ईमेलमध्ये मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. मुरबाडहून एक माणूस आला, नवा खोका देऊन जुना लॅपटॉप घेऊन गेला. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "आज सुट्टी काय गो?"

"नाही, चालू आहे की."

तिने लॅपटॉपवर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. गार होता. "बरा," एवढंच म्हणाली. मग ती रोज सकाळी बुद्धविहारात झाडलोट करायला म्हणून बाहेर पडू लागली. आमचं विहार एका खोलीचं आहे. ते झाडायला संध्याकाळ का होते, असा प्रश्न मला पडला नाही. खोटे दावे पकडण्यात मात्र ऑफिसात माझा हात धरणारं कोणी नाही.

शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, आई लोकांच्या शेतात भात कापायला जाते. माझं डोकंच फिरलं. तिचे गुडघे कामातून गेलेत. माझा पहिला पगार झाला तेव्हाच मी तोऱ्यात बजावलं होतं, आता दुसऱ्याच्या बांधावर जायचं नाही. तणतणत शेतावर गेले. ती वाकलेली दिसली. "हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मशीन परत नेला ना त्यांनी," ती कापता कापता म्हणाली. मी लहान असताना ती वीटभट्टीवर जायची. "भट्टीवर मुकादमानं घमेला परत मागितला का समजायचा, काम संपला."

"अगं, पण नवा दिलाय ना मला."

"जाताना देतातच काय तरी. तुझा मामा रिटायर झाला, त्याला नाय घड्याळ दिला?"

मी शपथ घेऊन सांगितलं की नोकरी शाबूत आहे. भर उन्हात प्रोसेसर समजावला. ती कापत कापत ऐकत होती.

"असंल गो. तुला लाज वाटंल म्हणून मी नाय विचारला."

निदान ती थांबेल म्हणून मी तिच्या हातातला विळा काढून घेतला. तिने तो दिला, बाजूला सरकून मला जागा केली आणि माझी बोटं मुठीवर नीट बसवली.

"घाई नको करू," ती म्हणाली. "येल तुला."