छगननानांनी उचललेला भंडारा

सविताला बघायला छगननाना आले, तेव्हा आधी त्यांचा खोकला आला. त्या खोकल्यानं पत्रे हादरले, म्हशीनं पान्हा चोरला आणि सविताला वाटलं, पाहुणे नाही, अंगणात ट्रॅक्टर शिरलाय. मग दारातून मिशा आल्या. बऱ्याच वेळानं नाना आले. पोह्यांच्या दोन बश्या रिकाम्या करून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"खोटं बोलतीस का, पोरी?"

"कवा कवा."

"पसंत हाय. उठा."

नवरामुलगा, नानांचा सुनील, शेजारीच बसला होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं फारसं नव्हतंही.

लग्नानंतर काही वर्षांनी, ऊसतोड ऐन भरात असताना राहुरीकडच्या नानांच्या गावात कालव्याला पाणी सुटलं आणि रातोरात कुणीतरी चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा पाट, फोडली. पाणी सुनीलच्या उसात गेलं, शेजारच्या, सोसायटीचा चेअरमन असलेल्या वैजनाथच्या उसात गेलं आणि जाता जाता बनुबाईचा काढणीला आलेला कांदा घेऊन गेलं. दोन्ही ऊस सकाळी गुडघाभर पाण्यात उभे होते. ते सगळ्या गावाला दिसत होतं, म्हणून कुणीच बघितलं नाही. गावानं पकडला तो कानिफनाथ, पाथर्डीकडून आलेला तोडकरी. बैलांना पाणी पाजायला त्यानं अख्खी चारी फोडली म्हणे! त्याचे बैल म्हणजे काय हत्ती होते? पण बाहेरगावच्या गड्याला दहा जणांनी मिळून धरायचं म्हटलं, की या गावात वीर पुरुषांना तोटा नसे.

बनुबाई मात्र अडून बसली. "खंडोबाच्या देवळात कुनीतरी भंडारा उचलून सांगा, मंग मानीन. न्हाईतर पोलिसात जाते."

भंडारा उचलून खोटं बोलायला वैजनाथची ना नव्हती. पण त्याच्यावर त्याची बायकोही विश्वास ठेवत नसे. तेव्हा या इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतल्या शहाण्यानं आयुष्यातली सर्वांत मोठी अक्कल चालवली. गाव ज्याचा शब्द मानतं असा एकच माणूस, छगननाना. आणि फावडं मारणारा त्यांचाच पोरगा. मग बाप खोटं बोलणार नाही तर काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात निघताना नानांनी सविताला चुलीपाशी गाठलं. सुनील गोधडीत तोंड घालून झोपेचं सोंग करत होता.

"सुनीलची पँट तू धुतली?"

"व्हय, नाना."

"चिखल हुता?"

सविताची भाकरी तव्यावर करपली. हो म्हटलं तर नवरा जाणार होता, नाही म्हटलं तर तो परका माणूस.

"गुडघ्यापत्तर हुता," ती म्हणाली.

देवळात सगळे हजर होते. कानिफनाथाला खांबाला टेकवून बसवलं होतं. वैजनाथनं स्वतः ताट पुढं केलं. "उचला नाना. फकस्त म्हना, ह्याला चारीवर बघितला."

नानांनी मूठभर भंडारा उचलला. खोकले. निम्मा भंडारा वैजनाथच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेला.

"चारी आमच्या सुनीलनं फोडली," नाना म्हणाले. "फावडं माझं हुतं. आन् वैजनाथ, तुज्या उसात पानी आपल्या पायानं चालत आलं का?"

"नाना, पोटचं पोरगं हाय तुमचं!" वैजनाथ किंचाळला.

"म्हनून तर मला ठावं हाय. सोडा त्या मान्साला."

देवळातल्या समस्त वीरांना एकाएकी जनावरांच्या धारा काढायच्या आठवल्या. कानिफनाथ उठला, कुणाकडे न बघता आपल्या पाचटाच्या झोपडीकडे, कोपीकडे गेला. सविता पायरीवर उभी होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली होती.

सुनीलवर गुन्हा दाखल झाला. तो अजून बापाशी बोलत नाही. नाना पुढच्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. चेअरमन वैजनाथच आहे.