दृष्टीच्या मिरच्या फोडणीत गेल्या

मैत्रिणींनो, आज वालूरात आमच्या दारावरून वरातीचा बँड गेला आणि माझी सात वर्षांची रेणू भिंतीवर डोकं आपटायला लागली. तिला ऑटिझम आहे, मोठा आवाज सोसत नाही.

शेजारणी दारात जमल्या. सासूबाई दृष्ट काढायला लाल मिरच्या घेऊन उठल्या. दर वेळी त्या मिरच्या चुलीत टाकतात अन् धुरानं पोरगी आणखीच बिथरते.

थेरपीच्या मॅडमनी शिकवलं तसं मी रेणूला भिंतीपासून बाजूला घेतलं, तिच्या लाडक्या गोधडीत गुंडाळून घट्ट धरलं.

सासूबाई बघत राहिल्या. मग शेजारणींवर खेकसल्या, "तमाशा हाय का? जावा घरी!" अन् दार लावून घेतलं.

थोड्या वेळात रेणू शांत झाली. मला लय हलकं वाटलं. मिरच्या सासूबाईंनी वरणाच्या फोडणीत टाकल्या.

अशा वेळी तुमच्याकडं दार कोण लावून घेतं?