आसगावच्या ओसरीतला इंटरव्ह्यू

सुमन, गुडघा कसा आहे आता?
प्रमिला, नातवाचा ताप उतरला का?
वच्छला, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. मोबाईल फार पाहू नको, पण एवढं वाच.

आपल्या ग्रामसेविका ताई गेल्या.

काल सकाळी, नागपूरला, पुतण्याच्या घरी. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या.

रडू नका. रडकी तोंडं त्यांना कधीच आवडली नाहीत.

बाकीच्यांना सांगते. गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. गाव आसगाव, तालुका पवनी. ताई आमच्या सरकारी ग्रामसेविका. परसबाग, बालवाडी, निर्धूर चूल ही त्यांची पगाराची कामं. एक काम मात्र त्यांनी बिनपगारी अंगावर घेतलं होतं.

मॅट्रिक झालेल्या पोरी.

तेव्हा मॅट्रिक झालेली पोरगी म्हणजे उफणून ठेवलेलं धान. कोण केव्हा न्यायला येतं, एवढीच वाट पाहायची.

ताई म्हणायच्या, अर्ज तर भरा, नवरे काय येतच राहतात.

मला नर्सच्या ट्रेनिंगचा कॉल आला. इंटरव्ह्यू भंडाऱ्याला.
बाबा म्हणाले, एक डाव जाऊन ये. नाही जमलं तर दिवाळीनंतर मांडव.

आता इंटरव्ह्यू म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक? ताईंनी आईला समजावलं की अनोळखी माणसं बसतात, पोरगी समोर बसते, ते प्रश्न विचारतात.
आई म्हणाली, "म्हणजे पाहायलेच येते ना ते."

आणि तिनं मला तशीच तयार केली. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या.

भंडाऱ्याला ताईच घेऊन गेल्या. मी आत गेले. टेबलामागे दोन साहेब आणि एक मोठ्या नर्सबाई. तिघांच्याही वाकून पाया पडले. मग बसले, नजर खाली, पायाच्या अंगठ्यावर.

"नर्स का व्हायचं आहे?"
"स्वयंपाक येते. शिवणकाम येते. भरतकाम शिकून राहिली."

साहेब खोकल्यासारखे हसले. नर्सबाईंनी मायेनं विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का बाळा?

मी उभी राहिले आणि म्हणाले, "चालून दाखवू का?"

झालं. रिझल्टची वाट पाहायचं कामच उरलं नाही.

एसटीत ताई पवनी येईपर्यंत डोळे पुसत हसत होत्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं. आम्ही तुम्हाला एकच परीक्षा शिकवली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या ओसरीत एक खुर्ची मांडली. समोर खाटेवर साहेब म्हणून बसवले आपले किराणा दुकानदार आणि पोलीस पाटील! पोरींना बाप्या माणसांसमोर बोलायची सवय व्हावी म्हणून.

आठवते ना गं? दिवसभर धानाची रोवणी करायची आणि संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन इंटरव्ह्यूला बसायचं.

ताईंचे नियम साधे. समोर पाहायचं. जवाब पुरा द्यायचा. आणि शेवटी आपलाही एक प्रश्न विचारायचा.

साहेब होऊनही पाटील ते पाटीलच. प्रत्येकीला एकच विचारत, "तुह्या घरी यंदा धान किती होईन?" दुकानदार तर बसल्या बसल्या घोरायचे. शेवटी सुमननं दोघांनाही सुनावलं की उद्या तयारी करून या.

दिवाळी झाली. ट्रेनिंगच्या उरलेल्या जागांसाठी पुन्हा बोलावणार, अशी बातमी ताईंनी आणली. बाबा ऐकेनात. एक डाव ठरला होता, तो झाला म्हणाले.

आणि तुमसरकडचे पाहुणे मला पाहायला आले.

मुलाच्या मामानं नाव विचारलं. माझी मान सवयीनं वर झाली. एकेक जवाब पुरा दिला. आणि शेवटी, तेही सवयीनंच, मी विचारलं,
"मले नर्सचं ट्रेनिंग करायचं आहे. तुमच्या घरी चालन का?"

मामानं मुलाच्या बापाकडे पाहिलं.
बापानं मुलाकडे पाहिलं.
मुलानं पोह्यांकडे पाहिलं.

कळवतो म्हणाले आणि गेले.

बाबा तडक ताईंच्या ओसरीत. मी मागून. पोरीले तुम्ही बिघडवलं, चार लोकांत माही इज्जत काढली, असं बरंच बोलले. ताईंनी ऐकून घेतलं. पाणी दिलं. नेमकं त्याच खुर्चीवर बसवलं.

"काय विचारलं तिनं?"
बाबांनी सांगितलं.
"मग काय जवाब आला, भाऊ?"
"जवाब कायचा? आलाच नाही."
"मग इंटरव्ह्यूत नापास कोण झालं?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला. मला वाटलं रडतात. खांदे हलत होते, पण हसून राहिले होते.

"त्या पोराच्या तोंडून तं एक शब्द नाही निघाला," म्हणाले.

आणि उठता उठता विचारलं, "भंडाऱ्याची गाडी सकाळी कितीले हाये?"

या वेळी बाबा स्वतः सोबत आले. आत त्याच नर्सबाई. त्यांनी मला ओळखलं. प्रश्न मागचाच आला, नर्स का व्हायचं आहे?

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या गावची बाई बाळंतपणात अडली की बैलगाडीनं पवनीले नेतात. गाडी पोचते. बाई कधी कधी पोचत नाही. म्हणून मले नर्स व्हायचं आहे."

कोणी हसलं नाही.

माझी निवड झाली. रिटायर होईपर्यंत नर्सच होते. लग्नही झालं, नीट विचारून-सवरून.

निवडीची बातमी आली त्या दिवशी पेढे घेऊन ताईंकडे धावले. पेढा तोंडात घातला त्यांनी, पाठीवर हात ठेवला. मी आनंदात खुर्चीवर बसायला गेले, तर म्हणाल्या,

"तिथं नको. पुढची पोरगी येऊन राहिली."

ताई, आसगावच्या तुमच्या सगळ्या लेकींचा मनापासून नमस्कार. सुखानं जा.

सुमन, प्रमिला, वच्छला, तुम्हाला काय काय आठवते ते खाली लिहा. लवकर लिहा गं. वाट पाहून राहिली आहे.